चांदणी

पहिली नळी मी परत पाठवली.
उणे एकोणचाळीसात टपालाच्या गाडीतून उलियास्ताईला येईतो
रक्त गोठलं, मग ड्रायव्हरच्या हीटरपाशी वितळलं.
वर तरंगायला हवं होतं फिकं पिवळं पाणी,
तरंगलं बीट उकडल्यासारखं.
यंत्राला काय, ते कशालाही आकडा देतं.
थंडीनं फुटलेल्या पेशी खोटी साक्ष देतात,
एएसटी चारशे,
आणि काळजाच्या गावीही नसतं.

आठ दिवसांनी यांजमा स्वतःच आली,
भाच्याच्या फुर्गोनमधून, एकशे दहा किलोमीटर.
मी सुई काढली तर म्हणाली, नको,
पहाटे आमच्या नर्सबाईनं काढलंय.
आणि देलचा पट्टा सोडून
काखेतून काढली नळी,
कोकराच्या कातड्यात गुंडाळलेली, कोमट.
"करडू काकडलं की असंच आणते."

एएलटी पेशीच्या आत राहणारं.
पेशी फुटली की रक्तात येतं,
घर पेटलं की माणसं रस्त्यावर येतात तसं.
आम्ही रस्त्यावरची माणसं मोजतो
आणि आगीचा अंदाज बांधतो.
एवढंच आहे हे शास्त्र, निदान माझ्या टेबलापुरतं.
सोळा वर्षं मोजतेय.

यंत्र ज्या आकड्याला भितं
त्याच्यापुढे एक बारीक चांदणी छापतं.
जुन्या वहीत यांजमाचे आकडे आहेत, माझ्याच अक्षरात:
दोनशे सहा. एकशे अठ्ठेचाळीस. मग मधली चार वर्षं
कुणी आलंच नाही, बर्फात जनावरं मेली होती.
मग शहात्तर.
आज एकोणतीस.
चांदणी नाही.

भाचा माझ्या खांद्यावरून वाचत होता.
"उतरला!" तो ओरडला, आणि टोपी काढली,
देवळात काढतात तशी.

मी बोलले नाही.
कागद अजून सरकत होता.
प्लेटलेट चौसष्ट हजार, चांदणी.
अल्ब्युमिन, चांदणी.
एएसटी एएलटीच्या दुप्पट, चांदणी.
आणि बी, त्याच्या खांद्यावर बसून आलेला डी,
दोघेही घरातच, हलले नाहीत.

रस्त्यावर माणसं नाहीत
म्हणजे आग विझली असं नाही.
कधी कधी त्या गल्लीत
पेटायला घरं उरलेली नसतात.

तिचे तळवे लाल होते. थंडीनं नव्हे,
शेगडीपाशी बसून तास झाला होता.
गोवऱ्या वरून राखाडी झाल्या होत्या.
चिमट्यानं एक उलटली तिनं,
खाली काहीच नव्हतं,
तिनं नवी टाकली.

आमच्याकडे सख्ख्यांना एका काळजाचे म्हणतात.
आईनं मला काळीज दिलं
आणि त्याच रात्री, न सांगता, त्यातला बी.
तिला तरी कुठे ठाऊक होतं.
माझा आकडा चौऱ्याहत्तर, दर सहा महिन्यांनी, चांदणीसकट.
मी तो रात्रपाळीत एकटी असताना लावते
आणि कागद गमबुटात घालते.
इतकी वर्षं वाटायचं, एकदा उतरू दे.
आज पहिल्यांदा वाटलं,
राहू दे चढलेला, कुणीतरी आहे अजून आत.

"चांदणी नाही म्हणजे चांगलं ना?" यांजमा म्हणाली.
वाचता येत नसलं तरी तिनं बोट बरोबर
एकोणतीसवर ठेवलं होतं.
डॉक्टर सांगतील, मी म्हटलं.
डॉक्टर सोमवारी येतात. गुरुवार होता.

मग मीच म्हटलं, सोमवारपर्यंत थांबा,
माझ्याकडे खाट आहे.
भाच्याला म्हटलं, फुर्गोन आत घे, इंजिन गोठेल.

तिनं देलचा पट्टा बांधला,
पुन्हा सोडला,
काखेत हात घालून चाचपलं,
आणि मोकळी काख
तशीच दाबून धरून
माझ्यामागे जिना चढू लागली.